दवाखान्यात संगणक येतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सरकारी रुग्णालयात गेलेल्या प्रत्येकाला केसपेपरची खिडकी ठाऊक असते. भल्या सकाळी रांगेत उभे राहायचे आणि एक पातळ कागद हातात घ्यायचा. डॉक्टर त्यावर लिहितात, औषधे देणारा त्यावर खूण करतो. आणि पुढच्या खेपेला तो कागद घरी राहिला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी त्या खिडकीमागे संगणक आला. पण रांग कमी झाली का, असे विचारले, तर लोक नुसते हसतात.

संगणक विकत घेणे सोपे असते. अवघड असते ते रुग्णालयातल्या माणसांच्या कामाची रीत बदलणे. हे सांगणारी एक मोठी विलक्षण हकिकत अमेरिकेत घडली आहे. तीच आज मी आपल्याला सांगणार आहे.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या उपचारांसाठी सरकारची स्वतःची रुग्णालये आहेत. देशभर पसरलेली अशी दीडशेहून अधिक रुग्णालये चालवणाऱ्या खात्याला लोक ‘व्हीए’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. १९७० च्या दशकात या रुग्णालयांतही कागदांचे डोंगर होते. संगणक नव्हते असे नाही, पण त्या काळचे संगणक म्हणजे खोलीभर यंत्रे. ती खात्याच्या मध्यवर्ती संगणक विभागाच्या ताब्यात असत आणि तिथले अधिकारी सांगतील तेच काम करीत. वॉर्डातल्या डॉक्टरला काय हवे, हे तिथे विचारायला कोणी येत नसे.

१९७७ मध्ये याच खात्यातल्या टेड ओनील आणि मार्टी जॉन्सन या दोघांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक रुग्णालयात लहान संगणक ठेवायचा आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याने डॉक्टर, परिचारिका, औषध विभाग यांच्या शेजारी बसून काम करायचे, असा त्यांचा बेत होता. भाषा वापरायची ठरली ती बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६६-६७ च्या सुमारास खास रुग्णालयासाठी तयार झालेली. तिचे नाव ‘मम्प्स’. म्हणजे आपल्या भाषेत गालगुंड! १९७८ च्या डिसेंबरात ओक्लाहोमा सिटी इथे ही मंडळी जमली आणि कामाची आखणी झाली. जॉर्ज टिमसन यांनी एक असे साधन तयार केले, की माहितीच्या नव्या याद्या नि नमुने बनवायला दर वेळी नव्याने कार्यक्रम लिहायला नको.

मध्यवर्ती विभागाला हे रुचणे शक्यच नव्हते. प्रकल्प बंद पाडण्याचे प्रयत्न झाले, काहींना नोकरीवर पाणी सोडावे लागले. तरीही काम थांबले नाही. रुग्णालया-रुग्णालयांत ते गुपचूप चालू राहिले, कारण डॉक्टरांना त्याचा उपयोग दिसत होता. या मंडळींनी स्वतःला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ हे नाव घेतले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना लपतछपत स्वतंत्र राज्यांत पोहोचवणाऱ्या लोकांच्या साखळीचे हे नाव. गंमत म्हणजे या संगणकवाल्यांनी त्या नावाची कार्डेसुद्धा छापून घेतली होती!

पुढे वरच्या पातळीवरही वारे फिरले. व्हिएतनाम युद्धात लढलेले चक हेगेल तेव्हा खात्याचे उपप्रमुख होते. त्यांनी या कामाला आधार दिला. १९८२ च्या फेब्रुवारीत खात्याचे प्रमुख रॉबर्ट निम्मो यांनी या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली. ज्याला चोरून वाढवले, ते मूल घरचे झाले. पुढे याच व्यवस्थेला ‘व्हिस्टा’ हे नाव मिळाले.

‘ज्याचे जळते त्याला कळते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा प्रत्यय पाहायचा तर कॅन्सस राज्यातल्या टोपीका शहरात जायला हवे. तिथल्या व्हीए रुग्णालयात सू किनिक नावाच्या परिचारिका होत्या. १९९२ मध्ये एकदा भाड्याने घेतलेली मोटार त्या परत करायला गेल्या. तिथल्या माणसाने हातातले छोटे यंत्र मोटारीवरच्या बारकोडसमोर धरले आणि काम संपले. किनिकबाईंच्या मनात आले, मोटारीची नोंद इतकी बिनचूक होते, तर रुग्णाच्या औषधाची का होऊ नये? परत आल्यावर त्यांनी हा विचार मांडला. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवर बारकोड, औषधाच्या पाकिटावर बारकोड. परिचारिकेने दोन्ही यंत्रासमोर धरायचे. माणूस तोच, औषध तेच, मात्रा तीच, वेळ तीच, असे जुळले तर ठीक, नाहीतर संगणक लगेच सावध करणार. टोपीकात आधी ही पद्धत करून पाहिली गेली आणि २००० च्या सुमारास ती देशभरच्या व्हीए रुग्णालयांत पोहोचली. लक्षात घ्या, ही कल्पना रोज औषधाचा ट्रे हातात घेणाऱ्या बाईला सुचली.

म्हणून सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. या बारकोड पद्धतीचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही अनपेक्षित गोष्टी आढळल्या. कामाची घाई असली, की परिचारिका मनगटावरची पट्टी न तपासता रुग्णाचा क्रमांक हाताने टाइप करीत. पूर्वी खाटेजवळच्या कागदावर डॉक्टर सहज नजर टाकत आणि परिचारिकेशी दोन शब्द बोलत. कागद गेला आणि ते बोलणेही कमी झाले. म्हणजे कागद निव्वळ माहितीचा साठा नव्हता, तो माणसांना एकत्र आणणारा पारही होता. बदल करणाऱ्याने जुन्या पद्धतीत काय-काय दडलेले आहे, हे आधी पाहावे लागते ते यासाठी.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. अनेक दवाखान्यांतल्या कागदी नोंदी पाण्यात गेल्या. व्हीएच्या रुग्णालयातल्या सुमारे पन्नास हजार रुग्णांच्या नोंदी मात्र ह्यूस्टनमध्ये पुन्हा उभ्या करण्यात आल्या. घरदार सोडून आलेल्या वृद्ध सैनिकाला दुसऱ्या गावच्या डॉक्टरने त्याचे औषध नेमके सांगावे, यापेक्षा मोठी पावती कोणती?

पण प्रत्येक गुणाला सावली असते. प्रत्येक रुग्णालयाला मोकळीक होती म्हणून व्हिस्टा रुजली, आणि त्याच मोकळिकीमुळे तिच्या सुमारे १३० निरनिराळ्या आवृत्त्या झाल्या. त्या सांभाळणे खर्चाचे झाले, जुनी भाषा जाणणारे लोक कमी झाले. सैन्यदलाच्या वैद्यकीय नोंदींशीही तिचे नीट जुळेना. बदल हवा होता, यात खोटे काहीच नाही. २०१७ च्या जूनमध्ये खात्याचे मंत्री डेव्हिड शुल्किन यांनी सर्नर कंपनीची तयार व्यवस्था घेण्याचे जाहीर केले. पुढल्या मे महिन्यात दहा वर्षांचा, दहा अब्ज डॉलरचा करार झाला.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये, करोनाची साथ ऐन भरात असताना, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन इथे ती सुरू झाली. पुढे जे घडले ते खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२२ च्या जुलैमधल्या अहवालात मांडले आहे. तज्ज्ञाची भेट, तपासणी अशा डॉक्टरांनी लिहिलेल्या अकरा हजारांहून अधिक सूचना योग्य ठिकाणी पोहोचल्याच नाहीत. कुठे पाठवायचे हे संगणकाला न कळलेल्या अशा सूचना एका कोपऱ्यातल्या यादीत साचत गेल्या. डॉक्टरला वाटे, सूचना गेली. रुग्णाला वाटे, बोलावणे येईल. आणि ती यादी पाहायची आहे, हे तिथल्या लोकांना सांगितलेच नव्हते. १४९ रुग्णांना यामुळे इजा झाल्याचे खात्याच्याच पाहणीत आढळले. २०२३ च्या एप्रिलमध्ये नव्या ठिकाणी ही व्यवस्था नेण्याचे काम थांबवावे लागले. शिकागोजवळच्या एका संयुक्त रुग्णालयात तेवढी ती २०२४ मध्ये सुरू झाली. २०२६ पासून पुन्हा सुरुवात करण्याचे खात्याने २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केले.

या हकिकतीतून ‘जुने ते सोने’ असा अर्थ काढू नये. व्हिस्टाही कायमची नव्हती. पण तिच्या जन्माच्या वेळी कार्यक्रम लिहिणारा आणि वापरणारा शेजारी बसले होते. चूक झाली तर सांगायला माणूस दारात होता. चाळीस वर्षांनी व्यवस्था बाहेरून आणली गेली, तेव्हा तो शेजार राहिला नाही.

आपल्या देशातही २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियान सुरू झाले आणि रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न होत आहे. तो व्हायलाच हवा. फक्त तो करताना केसपेपरच्या खिडकीत बसणाऱ्याला, वॉर्डातल्या सिस्टरला आणि रांगेतल्या म्हातारीला आधी एक प्रश्न विचारावा: तुमचे नेमके कुठे अडते? उत्तर ऐकायला वेळ लागेल, पण इतका वेळ काढायलाच हवा.