एक पेनी, एक कॉफी आणि राजाची चेष्टा

डिसेंबर १६७५. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स एक फर्मान काढतो : १० जानेवारीपासून देशातली सगळी कॉफी हाउसं बंद. कारण काय, तर रिकामटेकडी आणि असंतुष्ट माणसं तिथे जमतात, आपले कामधंदे सोडून बसतात आणि राजाच्या सरकारबद्दल खोट्यानाट्या, बदनामीच्या गोष्टी पसरवतात.

हा राजा आपल्याला अगदीच परका नाही. पोर्तुगालच्या राजकन्येशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुंबई बेट त्याला हुंड्यात मिळालं, आणि १६६८ साली त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. बेट असं सहज हातावेगळं करणारा हा माणूस गरम काळ्या पाण्याला मात्र घाबरला होता. खरं तर त्याला भीती कॉफीची नव्हती. ती पिता पिता एकमेकांना न ओळखणारी माणसं जे बोलत, त्याची होती.

लंडनमधलं पहिलं कॉफी हाउस १६५२च्या सुमारास कॉर्नहिलजवळच्या एका गल्लीत निघालं. चालवणारा होता पास्क्वा रोझे. तुर्की साम्राज्यातल्या स्मर्ना शहरात (आजचं इझमिर) व्यापार करणाऱ्या एका इंग्रजाचा तो नोकर. मालकाला तिकडे कॉफीची सवय लागली, ती घेऊन दोघं लंडनला आले. सुरुवातीला ते जेमतेम एक खोपट होतं. पण काही दशकांतच शहरात शेकड्यांनी कॉफी हाउसं झाली.

काळ कसा होता ते लक्षात घ्या. १६४९ साली इंग्रजांनी आपल्या राजाचं डोकं भर चौकात उडवलं होतं. यादवी युद्धात घराघरांत फूट पडली होती. राजा हवा की नको, हवा तर त्याच्यावर लगाम कुणाचा, देव कुणाच्या बाजूने आहे, या प्रश्नांवर माणसं खरोखर मेली होती. आता तेच प्रश्न एका लांब बाकावर, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी, तलवार न उपसता बोलायचे होते.

त्याची किंमत होती एक पेनी. पेनी ठेवा, वाडग्यात कॉफी घ्या, टेबलावर पडलेली बातमीपत्रं वाचा आणि बोला. दारूच्या गुत्त्यात संध्याकाळपर्यंत जीभ अडखळायला लागायची. इथे उलट, जितकी कॉफी जास्त तितकी जीभ धारदार.

१६५९च्या हिवाळ्यात वेस्टमिन्स्टरला माइल्सच्या कॉफी हाउसात ‘रोटा’ नावाची मंडळी रोज संध्याकाळी जमू लागली. म्होरक्या होता जेम्स हॅरिंग्टन, प्रजासत्ताकाचा पुरस्कर्ता. त्यांनी खास लंबगोल टेबल करून घेतलं होतं. मधोमध फट ठेवलेली, म्हणजे माइल्सला आत शिरून सगळ्यांना गरमागरम कॉफी देता यावी. वाद संपला की मतपेटी फिरायची आणि गुप्त मतदान व्हायचं. प्रत्यक्ष राज्यात जे कुणाला जमत नव्हतं, ते इथे खेळासारखं चाललं होतं. रोजनिशीमुळे पुढे प्रसिद्ध झालेला सॅम्युअल पेप्सही तिथे जाऊन आला. पण काही महिन्यांतच राजा परतला, रोटा मोडली आणि १६६१ साली हॅरिंग्टनला टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं गेलं.

तरी कॉफी हाउसं टिकली. १६७४ साली, म्हणजे इकडे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, लंडनमध्ये कॉफी हाउसच्या नियमांचं एक पद्यपत्रक छापलं गेलं. अर्धी जाहिरात, अर्धी गंमत. नियम साधारण असे : उमराव असो की दुकानदार, रिकामी जागा दिसेल तिथे बसावं. बड्या माणसासाठी कुणी उठून उभं राहायची गरज नाही. शिवी दिली तर १२ पेन्स दंड. भांडण उकरून काढणाऱ्याने प्रत्येकाला एकेक कॉफी पाजावी. बोलावं, पण फार नको. धर्माला हात लावू नये, राज्यकारभाराची टवाळी करू नये, आणि विनोद करावा तो कुणाला न बोचणारा.

शेवटचे नियम कितपत पाळले जात असतील ते राजाच्या फर्मानावरूनच कळतं. पुढच्याच वर्षी ते निघालं. पण गंमत पुढेच आहे. फर्मानावर इतका गदारोळ झाला की अंमल सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, ८ जानेवारी १६७६ला, राजाला ते मागे घ्यावं लागलं. कॉफीवरच्या कराचं उत्पन्न बुडणार होतं, परवाने घेतलेले मालक रडकुंडीला आले होते, आणि राजाच्या बाजूची माणसंही तिथेच बसत होती. बदनामीची पत्रकं दुकानात येऊ देणार नाही अशी हमी मालकांकडून घेऊन प्रकरण मिटवलं गेलं.

बहुतेक वेळा ही गोष्ट इथेच संपवली जाते. राजा हरला, चर्चा जिंकली, लोकशाहीची पहाट झाली वगैरे. पण या बाकावर सगळेच नव्हते. बायका कॉफी हाउस चालवत, कॉफी वाढत. वादाला मात्र बसत नसत. कॉफीत पडणारी साखर गुलामांच्या मळ्यांतून येऊ लागली होती. पळून गेलेल्या गुलामाला अमक्या कॉफी हाउसात आणून देणाऱ्यास बक्षीस, अशा जाहिराती लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून येत. स्वातंत्र्याचा अर्थ काय यावर जिथे तावातावाने वाद होई, त्याच पत्त्यावर पळालेला माणूस परत आणून द्यायचा होता.

आणि दुसरी गोष्ट खोटेपणाची. १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या इसमाने एक कट ‘उघडकीला’ आणला : म्हणे, कॅथलिक लोक राजाचा खून करणार आहेत. सगळी थाप. पण लंडनला ती हवीच होती. कॉफी हाउसांतून ती पसरली, फुगली, रोज तिला नवे साक्षीदार फुटले. निरपराध माणसं फासावर गेली. डिसेंबर १६८० मध्ये म्हाताऱ्या लॉर्ड स्टॅफर्डचं डोकं उडवलं गेलं. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत ओट्सबरोबर स्टीफन डगडेल आणि एडवर्ड टर्बरव्हिल हे दोघे होते.

आता त्याच शहरातला एक सुतार पाहा. नाव स्टीफन कॉलेज. कट्टर प्रोटेस्टंट, कॅथलिकांचा शत्रू, त्या कटावर ठाम विश्वास असलेला. बडबड्या माणूस. १६८१ साली राजाने पार्लमेंट लंडनऐवजी ऑक्सफर्डला भरवलं, तेव्हा एक टवाळ गाणं फिरलं. त्यात राजा होता गावोगाव खेळ दाखवत हिंडणारा बाइस्कोपवाला, पाठीवरच्या पेटीत पार्लमेंट कोंबून निघालेला. ते गाणं आणि तसलीच चित्रं कॉलेजच्या नावावर लागली, आणि त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला.

लंडनच्या ज्यूरीने आरोपपत्रच फेटाळलं. मग सरकारने खटला ऑक्सफर्डला नेला, जिथली ज्यूरी सोयीची होती. आणि साक्षीला उभे कोण राहिले? तेच डगडेल आणि टर्बरव्हिल. काही महिन्यांपूर्वी कॅथलिकांना संपवणारे साक्षीदार आता राजाच्या बाजूने, एका प्रोटेस्टंट सुताराविरुद्ध बोलत होते. बचावासाठी चक्क टायटस ओट्स आला आणि कालपर्यंतच्या आपल्याच साथीदारांना खोटारडे म्हणाला. त्या खोलीत बहुधा प्रथमच तो खरं बोलत होता. उपयोग झाला नाही. ३१ ऑगस्ट १६८१ रोजी कॉलेजला फाशी झाली. ओट्सवर खोट्या साक्षीचा गुन्हा शाबीत झाला तो पुढे १६८५ साली.

कॉलेज मेला तो चेष्टेमुळे, असं म्हणता येतं. एका राजाला स्वतःवरचा विनोद झेपला नाही, हे खरंच आहे. पण त्याला फासापर्यंत नेणारी शिडी आधीच बांधून तयार होती, आणि ती बांधताना त्याच्याच बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. डगडेल स्टॅफर्डविरुद्ध बोलत होता तेव्हा तो ‘आपला’ साक्षीदार होता. खोटं आपल्या नावडत्या माणसावर पडत असेल तर ते तपासायची घाई कुणाला नसते. तपासलं नाही म्हणून ते संपत नाही. ते आपला नवा मालक शोधतं.

अनोळखी माणसाशी इतिहासावर, राजकारणावर, बऱ्यावाईटावर वाद घालणं ही चांगलीच गोष्ट आहे. राजाची चेष्टा करता येणं तर फारच चांगली. लंडनच्या त्या बाकांनी हे दोन्ही सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं. वादात पराभव झाला म्हणून मरावं लागत नाही, हे यादवी युद्धातून आलेल्या पिढीला तिथे हळूहळू शिकता आलं. पण १६७४च्या त्या पत्रकात शिवीला दंड होता, भांडणाला दंड होता, पाच शिलिंगांपेक्षा मोठ्या पैजेलाही मनाई होती. थाप मारणाऱ्याला मात्र त्यात कसलाच दंड लिहिलेला नव्हता.