मानमोडी, करोना आणि मुलांचा क्षय

रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई आणि हा किनारा यांच्यात खाडीएवढेच अंतर! या साथीने विशेषकरून वीस ते चाळीस वयाची माणसे नेली, म्हणजे लहान मुलांचे आईबापच. त्या काळी क्षयावर औषध नव्हते, बीसीजीची लस माणसाला प्रथम टोचली गेली तीही १९२१ साली, पॅरिसमध्ये. तेव्हा साथीने क्षयनियंत्रण मोडले असे म्हणता येत नाही. मोडायला काही नव्हतेच.

२०२० मध्ये मात्र मोडण्यासारखे पुष्कळ होते. मार्चअखेर टाळेबंदी लागली, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती.

मुलाचा क्षय ओळखणे मुळातच अवघड. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळून टाकते. त्यात जंतूही थोडे. म्हणून ते बहुधा मोठ्यांमार्फत सापडते. घरात खोकणारा आजोबा किंवा काका तपासला गेला, की घरातल्या लहानग्यांची तपासणी होते, आणि आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या सुरू होतात. ही साखळी पहिल्याच कडीला तुटली. खोकला म्हणजे करोना, या धास्तीने माणसे खोकला लपवू लागली. क्षयाचे जंतू शोधणारी यंत्रे आणि तंत्रज्ञ करोनाच्या कामाला जुंपले गेले. शाळा बंद, त्यामुळे रोडावलेले पोर गुरुजींच्या नजरेस पडेना. आणि मूल दिवसभर त्याच खोकणाऱ्या माणसाशेजारी, बंद घरात.

देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. जगभरात पंधरा वर्षांखालील मुलांची नोंद ५ लाख २३ हजारांवरून ३ लाख ९९ हजारांवर उतरली. आकडा घटला म्हणून कुणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. आजार घटला नव्हता, सापडणे घटले होते. मोठी माणसे पुढे उशिरा का होईना, दवाखान्यात आली. दोन वर्षांच्या मुलाला एवढा उशीर परवडत नाही. त्याच्या बाबतीत जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचायला काही आठवडेही पुरतात.