पांचवा चतुर्थांश

अंकगणिताच्या नियमाप्रमाणें कोणत्याहि वस्तूचे चतुर्थांश चारच असतात. रोम शहरीं मात्र पांचवा चतुर्थांश निघाला, आणि त्याच्यावर तेथील कित्येक खानावळींची कीर्ति उभी राहिली.

१८७१ सालीं रोम हें एकीकृत इटलीच्या राजधानीचें शहर झालें. वाढत्या वस्तीस मांस पुरविण्यासाठीं १८८८ ते १८९१ या काळांत टायबर नदीजवळ, टेस्ताच्चो भागांत, नवा विस्तीर्ण खाटीकखाना बांधण्यांत आला. त्याच्या समोरच एक टेकडी आहे. ती निसर्गानें घडविलेली नव्हे. प्राचीन काळीं स्पेन व आफ्रिका येथून गलबतांनीं येणाऱ्या तेलाच्या रांजणांच्या खापरांचा तो सुमारें ३५ मीटर उंचीचा ढीग होय. त्याच्या पोटांत खोदलेल्या थंड तळघरांतून मद्य सांठवीत असत. साहजिकच तेथें गुत्ते व खानावळीहि निघाल्या. १८८७ हें साल आपल्या नांवांतच मिरविणारी ‘चेक्कीनो’ ही त्यांपैकींच एक.

कापलेल्या जनावराचे चार मुख्य भाग सधनांच्या स्वयंपाकघरीं जात. मागें उरे तें शेपूट, मुंडी, वजडी, आंतडीं आणि काळीज. हाच तो पांचवा चतुर्थांश! परंपरा असें सांगते कीं, गुरें सोलणाऱ्या मजुरांच्या मजुरीचा कांहीं भाग याच रूपानें चुकता होई, व तो घेऊन ते समोरच्या खानावळींत जात. तेथें महाग जिन्नस नव्हते; धीर मात्र होता. टोमॅटो व सेलरी घालून बैलाचें शेपूट कित्येक तास मंदाग्नीवर शिजवीत, तेव्हां कोठें मांस हाडापासून सुटे. या पदार्थास मजुरांचेंच नांव मिळालें: ‘कोदा आल्ला वाच्चिनारा’, म्हणजे गुरें सोलणाऱ्यांच्या पद्धतीचें शेपूट.

१९७५ सालीं खाटीकखाना बंद झाला. पुढें त्याच्या इमारतींत विद्यापीठाचे वास्तुकलेचे वर्ग भरूं लागले व कलाप्रदर्शनें मांडलीं जाऊं लागलीं. दूधपित्या वासराच्या आंतड्यांच्या ‘पायाता’ या पदार्थावर तर गुरांच्या मेंदूच्या रोगामुळें २००१ सालीं युरोपांत बंदी आली; ती २०१५ सालीं उठली. मधल्या काळांत स्वयंपाक्यांनीं कोकराचीं आंतडीं वापरून त्याची आठवण राखली.

आपल्याकडील पुष्कळांना हा आहार परका, कदाचित् निषिद्धहि वाटेल. त्यामागील कथा मात्र परकी नाहीं. जें मजुरांच्या वांट्यास टाकून दिलें गेलें, तेंच आज श्रीमंत प्रवासी दाम मोजून मागवितात. त्यांच्यापुढें खाद्यपदार्थांची यादी असते, त्यांतून ते आवडीनें निवड करतात. ज्यांच्या नांवानें तें शेपूट ओळखलें जातें, त्यांच्यापुढें यादी नव्हती. होती ती केवळ भूक.