शाळेसाठी कोणता संगणक? १९८१ सालची एक निवड

‘शाळेसाठी संगणक घ्यायचे आहेत, कोणते घेऊ?’ असे शिक्षक मित्र विचारतात, तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न बहुधा प्रोसेसरविषयी असतो. हा प्रश्न विचारायलाच हवा, पण तो यादीत बराच खाली यावा असे मला वाटते. असे का, हे सांगायला एका जुन्या यंत्राचा इतिहास उपयोगी पडेल. हे यंत्र मुद्दाम शिकण्या-शिकवण्यासाठी निवडले गेले. निवड करणारी संस्था संगणकाच्या धंद्यातली नव्हती. आणि पुढे तेच यंत्र आपल्या देशातल्या शाळांतही येऊन दाखल झाले.

१९७८ साली ब्रिटनच्या बीबीसीने ‘नाऊ द चिप्स आर डाऊन’ नावाचा एक माहितीपट दाखवला. मायक्रोप्रोसेसर स्वस्त होत चालले आहेत, त्यामुळे कामधंद्यांचे काय होणार, असा त्याचा विषय होता. त्यावर देशभर चर्चा झाली आणि लोकांना संगणक शिकवणारी दूरचित्रवाणी मालिका काढण्याची कल्पना पुढे आली. पण काठावर बसून पोहणे येत नाही. पडद्यावर जे दाखवायचे ते प्रेक्षकाला घरी, मुलांना शाळेत, करून पाहता आले पाहिजे. तेव्हा तर प्रत्येक कंपनीची बेसिक भाषा वेगळी, एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून बीबीसीने आपल्या नावाने एक संगणकच बाजारात आणायचे ठरवले.

त्यासाठी त्यांनी आपल्या अपेक्षा आधी लिहून काढल्या. टाइपरायटरसारखा खरा कळफलक हवा, घरातल्या टीव्हीवर रंगीत चित्र दिसायला हवे, आवाज हवा, सुघड प्रोग्रॅम लिहिता येतील अशी बेसिक हवी, आणि मुख्य म्हणजे यंत्र पुढे वाढवता यायला हवे. काय करायचे आहे ते आधी कागदावर आणि कोणाकडून घ्यायचे ते नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडच्या कित्येक खरेद्यांत तो नेमका उलटा असतो.

प्रथम ‘न्यूब्रेन’ नावाच्या संगणकाचा विचार झाला, पण तो वेळेत तयार होईना. मग इतर कंपन्यांना विचारणा झाली. त्यांत केंब्रिजमधले दोन प्रतिस्पर्धी होते: क्लाइव्ह सिंक्लेअर आणि एकॉर्न. सिंक्लेअरचा झेडएक्स-८१ त्याच वर्षी मार्चमध्ये ६९ पौंड ९५ पेन्सला बाजारात आला होता. एकॉर्नकडे ‘प्रोटॉन’ नावाचा एक आराखडा होता, पण चालते यंत्र नव्हते. बीबीसीची माणसे पाहायला येणार होती आणि हाती एक आठवडा होता. एकॉर्नचे हर्मन हाउझर यांनी सोफी विल्सन यांना फोन करून सांगितले, की स्टीव्ह फर्बर म्हणतात हे आठवड्यात जमेल; आणि फर्बरना सांगितले, की विल्सन तसे म्हणतात. दोघेही कामाला लागले आणि बीबीसीची माणसे यायच्या दिवशी सकाळी यंत्र चालू झाले. करार एकॉर्नला मिळाला. डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो जाहीर झाला आणि जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. सुरुवातीचा अंदाज बारा हजार यंत्रांचा होता. प्रत्यक्षात पंधरा लाखांवर खपली.

आता यंत्राच्या आत पाहू. प्रोसेसर होता ६५०२, म्हणजे १९७५ सालचा. आठ बिटांचा, स्वस्त, आणि तोवर सर्वांच्या परिचयाचा. त्यात नवलाई काही नव्हती. मग हे यंत्र त्या काळच्या इतर घरगुती संगणकांच्या मानाने इतके चपळ कसे?

उत्तर मेमरीत आहे. पडद्यावर चित्र टिकवायचे तर मेमरीतून ते सेकंदाला पन्नास वेळा वाचून पाठवावे लागते. प्रोसेसरलाही काम करायला तीच मेमरी लागते. म्हणजे एका नळावर दोन घागरी. झेडएक्स-८१ मध्ये चित्र काढण्याचे काम प्रोसेसरलाच करावे लागे, त्यामुळे त्याचा बराचसा वेळ त्यातच जाई. हिशोब लवकर हवा असेल तर ‘फास्ट’ अशी आज्ञा द्यायची. मग हिशोब संपेपर्यंत पडदा कोरा! बीबीसी मायक्रोमध्ये फर्बर यांनी वेगळी सोय केली. ६५०२ हा प्रत्येक ठोक्याच्या अर्ध्या भागातच मेमरीला हात लावतो. उरलेल्या अर्ध्या भागात चित्राच्या मंडलाला मेमरी वाचू द्यायची. दोघांपैकी कोणालाच थांबावे लागत नाही. प्रोसेसर सेकंदाला वीस लाख ठोक्यांनी चाले, म्हणून मेमरीला सेकंदाला चाळीस लाख वेळा उत्तर द्यावे लागे. त्या काळी एवढ्या वेगाच्या चिप्स जपानच्या हिताची कंपनीकडून मिळाल्या. पैसा प्रोसेसरच्या नावावर न घालता मेमरीच्या वेगावर घातला गेला.

मेमरीच्या आकाराबाबत मात्र काटकसर झाली आणि ती नडली. ‘मॉडेल ए’मध्ये १६ किलोबाइट आणि ‘मॉडेल बी’मध्ये ३२ किलोबाइट. सर्वांत बारीक चित्र, म्हणजे आडवे ६४० व उभे २५६ ठिपके, काढायचे तर त्यातले २० किलोबाइट चित्रालाच लागत. यंत्राचे स्वतःचे कामकाज साडेतीन किलोबाइट घेई. ३२ मधून हे वजा करा. मुलाच्या प्रोग्रॅमला साडेआठ किलोबाइट उरतात. मजकुरापुरता टेलिटेक्स्टसारखा पडदा वापरला तर चित्र एका किलोबाइटमध्ये भागे. ‘मॉडेल ए’वर ते बारीक चित्र काढताच येत नसे. बहुतेकांनी ‘बी’च घेतला, आणि ज्यांनी ‘ए’ घेतला होता त्यांनी चिप्स आणून तो वाढवून घेतला. हे शक्य झाले कारण दोन्हींचा मूळ फलक एकच होता आणि वाढीव चिप्ससाठी जागा आधीच ठेवलेली होती. आज लॅपटॉप घेताना मेमरी फलकालाच डाग देऊन बसवली आहे की मोकळ्या खाचेत, हे विचारायला विसरू नका. पाच वर्षांनी हाच फरक यंत्र ठेवायचे की टाकायचे ते ठरवतो.

पण शिक्षकांच्या दृष्टीने खरी संपत्ती या यंत्राच्या पोटाखाली होती. उलटे करून पाहिले तर जोडण्यांची रांगच दिसे. प्रिंटरची जोडणी, आठ तारांचा ‘यूजर पोर्ट’, दुसरा प्रोसेसर जोडायला ‘ट्यूब’. मागच्या बाजूला चार वाहिन्यांचे अॅनालॉग पोर्ट. एक थर्मिस्टर आणि एक रेझिस्टर घेऊन या पोर्टला जोडले, की बेसिकमधल्या ‘अॅडव्हॅल’ या एका शब्दाने तापमानाबरोबर बदलणारा आकडा मिळे. गरम पाणी निवताना दर अर्ध्या मिनिटाला तो आकडा घ्यायचा आणि पडद्यावर वक्र काढायचा. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम डोळ्यांसमोर उमटतो, आणि त्यासाठी दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. ब्रिटनमधल्या शाळांत पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांसाठी या यंत्राचा जो उपयोग झाला तो या जोडण्यांमुळे. (आमच्या प्रयोगशाळेत एका वर्णपटमापकाला जोडलेला वीस वर्षांपूर्वीचा संगणक अजून कामावर आहे. त्याहून कितीतरी वेगवान यंत्रे शेजारी आहेत, पण त्यांच्यात ते जुने कार्ड बसवायला खाच नाही.)

शाळांसाठी आणखी एक सोय होती, ‘इकोनेट’. कॅसेटवरून माहिती यायची ती सेकंदाला १२०० बिट या गतीने. वीस किलोबाइटचे एक चित्र भरायला तीन मिनिटे. फ्लॉपीची सोय महाग. इकोनेटने वर्गातली सगळी यंत्रे एका तारेवर जोडून एकच फ्लॉपी सर्वांना वापरता येई.

दोषही सांगायला हवेत. सुरुवातीच्या यंत्रांतले वीजपुरवठ्याचे डबे फार तापत. ते पुढे बदलावे लागले. मागणी एवढी आली, की लोकांना महिनोन्महिने थांबावे लागले. आणि किंमत! ‘मॉडेल बी’ ३३५ पौंडांना जाहीर झाला आणि लवकरच ३९९ ला गेला. १९८२ च्या एप्रिलमध्ये आलेला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम ४८ किलोबाइट मेमरीसह १७५ पौंडांना मिळत होता. ब्रिटिश सरकार शाळांना निम्मी रक्कम देत होते, म्हणून बीबीसी मायक्रो शाळांत पोहोचला. घरोघरी स्पेक्ट्रम पोहोचला.

याच सुमारास भारतात शाळांसाठी संगणकाचा विचार चालू होता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा प्रकल्प सुमारे अडीचशे शाळांत सुरू केला, आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने सुटे भाग आणून भारतात तो जोडण्याचा करार एकॉर्नशी केला. दशक संपेपर्यंत प्रकल्प दोन हजारांहून अधिक शाळांत गेला.

यंत्र तेच, पण फळ तसे आले नाही. माझ्या मते याचे कारण यंत्राच्या बाहेर होते. ब्रिटनमध्ये त्याच्यामागे दर आठवड्याची मालिका होती, पुस्तके होती, मासिके होती, शेजारच्या शाळेत तेच यंत्र वापरणारा दुसरा शिक्षक होता. इथे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण आणि इंग्रजीतले तयार प्रोग्रॅम. यंत्र महागाचे, म्हणून कुलपात. बिघडले तर सुटा भाग गावात नाही. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत आयबीएम पद्धतीच्या पीसीचे भाग सर्रास मिळू लागले, तेव्हा शाळाही तिकडे वळल्या. शिकवण्याच्या दृष्टीने तो पीसी बीबीसी मायक्रोपेक्षा सरस होता असे मला वाटत नाही. पण तो दुरुस्त करणारा मुलगा तालुक्याच्या गावी भेटत होता, आणि शाळेला ते पुरेसे कारण आहे.

‘ट्यूब’चे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. पुढच्या यंत्रासाठी एकॉर्नने बाजारातले सोळा बिटांचे प्रोसेसर तपासले. मेमरी जेवढ्या वेगाने माहिती देऊ शकते तेवढी हे प्रोसेसर घेऊच शकत नाहीत, असे विल्सन आणि फर्बर यांच्या लक्षात आले. कसोटी पुन्हा तीच, मेमरीची. म्हणून त्यांनी स्वतःच प्रोसेसर रचला. त्याची पहिली प्रतिकृती विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्येच लिहिली, आणि २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली खरी चिप आली ती ‘ट्यूब’मधून एका बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवली. तिचे नाव आर्म. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये तिचाच वंशज असतो. २०१२ साली केंब्रिजमध्येच निघालेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातही आर्म आहे, आणि त्याच्या ‘मॉडेल ए’, ‘मॉडेल बी’ या नावांत जुन्या यंत्राची आठवण ठेवली आहे. थर्मिस्टरचा तो प्रयोग त्यावर करता येतो; फक्त अॅनालॉग संकेत आकड्यात बदलणारी एक छोटी चिप वेगळी जोडावी लागते.

‘क्लास’मधल्या एखाद्या शाळेच्या कपाटात बीबीसी मायक्रो अजून असण्याची शक्यता आहे. सापडलाच तर लगेच वीज लावू नका. वीजपुरवठ्याच्या डब्यात मुख्य तारांवर बसवलेल्या फिल्टर कपॅसिटरना एवढ्या वर्षांत तडे गेलेले असतात. ओल आत शिरते, आणि चालू केल्यावर थोड्याच वेळात उग्र वासाचा दाट धूर येतो. जाणकाराकडून ते आधी बदलून घ्या. काही रुपयांचे काम आहे. शाळेच्या अर्थिंगची तपासणीही तेव्हाच करून घ्यावी. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये दोन-तीन व्होल्टहून जास्त दाब दिसला तर जुने काय, नवे यंत्रही तिथे लावू नये. सगळे ठीक असेल तर बटण दाबल्यावर आधी खालच्या पट्टीतला लांब सूर आणि पाठोपाठ वरच्या पट्टीतला आखूड सूर ऐकू येतो.