गर्भाशयाचे ऑपरेशन: व्हिडिओ कॉलवर माहिती घेतली तर चालेल का?

पोलादपूर-महाडच्या गावांतून फक्त बोलण्यासाठी मुंबई गाठायची, तर अख्खा दिवस जातो. ऑपरेशनची पूर्वमाहिती व्हिडिओ कॉलवर घेता येते. 2020 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर असा सल्ला देऊ शकतात.

कॉलवर हे विचारा
- ऑपरेशन का? गोळ्या किंवा दुसरा उपाय आहे का?
- अंडाशयही काढणार का? पाळी सुरू असताना दोन्ही काढल्यास रजोनिवृत्ती लगेच येते.
- हंडा-कळशी कधी उचलायची? साधारण 6 आठवडे जड उचलू नका.

यासाठी प्रत्यक्षच जा
- आतली तपासणी, सोनोग्राफी, रक्त तपासणी, भूलतज्ज्ञांची तपासणी.
- पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले किंवा खूप रक्तस्राव होऊन चक्कर आली, तर कॉलची वाट पाहू नका.

संमती तुमचीच
भुलेखाली असलेल्या महिलेच्या आईचा होकार घेऊन गर्भाशय व अंडाशय काढले गेले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो होकार ग्राह्य धरला नाही. म्हणून कॉलवर थोडा वेळ डॉक्टरांशी एकटीने बोला. मग घरच्यांना बसवा. शंका उरली, तर सही करण्याआधी समोर बसून पुन्हा विचारा.