तळटीप ७ : देवाचा दरबार

७. देवाचा दरबार – कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अमेरिकन मराठी मिशनची सवेतन चाकरी सोडून १९१७ साली साताऱ्यास स्थापिलेला ख्रिस्तभक्तांचा संघ. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, उभयतांसही त्यात मुभा होती. ‘दरबार’ म्हणजे येथे ख्रिस्ताची हुजूर, असे समजावे. अभंग रचून कीर्तन करणाऱ्या या थोर पुरुषाचे मिशनरीपण स्वयंपाकघरापर्यंत पोचलेले नव्हते : १८९५ मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्यावरही, परत नांदावयास आलेल्या पत्नी लक्ष्मीबाईंचे सोवळे आणि निराळे पाणी त्यांनी नगरच्या आपल्या बिऱ्हाडी निर्वेध चालू दिले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या खुशीने.