अद्भुतरम्य प्रीतिकथा आणि बडोद्याची 'अभिरुची'

नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 साली प्रसिद्ध झाली. राजपुत्र, राजकन्या आणि चमत्कार यांनी भरलेली ही कादंबरी आजच्या वाचकास रुचावयाची नाही. तिची प्रस्तावना मात्र प्रत्येक वकिलाने वाचावी अशी आहे. रिसबुडांचे म्हणणे असे की, आपली विवाहपद्धती व इतर काही कारणे यांमुळे आम्हां हिंदूंच्या आयुष्यात मन वेधून घेणारे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. रोजच्या अनुभवातले लिहावे तर ते नीरस होते, म्हणून मनोरंजन करू पाहणाऱ्या लेखकास अद्भुताचाच आश्रय करावा लागतो.

या कबुलीस हसणे सोपे आहे. मला ती साक्षीदाराच्या जबानीसारखी वाटते. प्रीतिकथेला दोघांची संमती लागते. जेथे मुलीचा विवाह तिला समज येण्यापूर्वीच उरकला जाई, तेथे नायिका आणावी कोठून? अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना 1887 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. कोणत्या कल्पित राजकन्येने एवढे धैर्य दाखविले होते?

पुढे हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक काढून त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. रोजच्या जीवनातही कथा असते हे तिने दाखविले, आणि रिसबूड खोटे पडले असे वाटते. पण ही कथा सापडली ती यमूच्या हालांत. प्रीतीची जागा रिकामीच राहिली.

बडोद्यात ही अडचण कायद्याने दूर करण्याचा यत्न झाला. सयाजीराव महाराजांनी 1904 साली बालविवाहास प्रतिबंध करून वयोमर्यादा मुलीस 12 आणि मुलास 16 ठरविली. दंड भरून लग्ने लावणारे पुष्कळ निघाले, हा भाग निराळा. 1931 साली संस्थानात हिंदूंना घटस्फोटाचा कायदाही मिळाला. मुंबई प्रांताला त्यासाठी 1947 पर्यंत थांबावे लागले. अर्थात कायदा आला म्हणून वाचकाची हौस फिटते असे नाही: नाथमाधवांचे 'वीरधवल' 1913 चे आहे आणि ते आवडीने वाचले गेले.

अशा या संस्थानात 1943 साली पुरुषोत्तम आत्माराम चित्रे आणि त्यांच्या पत्नी विमल चित्रे यांनी 'अभिरुची' हे छोटेसे मासिक काढले. आम्ही अकोट्याचे लोक पूल ओलांडून दांडिया बाजारात शिरतो तेव्हा मराठी कानावर पडते. तरी पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर असे मासिक चालविणे हे साहसच म्हटले पाहिजे. पु. ल. देशपांडे यांची आरंभीची व्यक्तिचित्रे, मं. वि. राजाध्यक्ष यांचे 'निषाद' या नावाने येणारे 'वाद-संवाद', मर्ढेकरांच्या कविता हे सारे त्यात आले. येथे गंधर्वलोकाची गरज उरली नव्हती. मर्ढेकरांना विलक्षण सापडले ते यंत्रयुगातल्या शहराच्या पोटात.

कायद्याने मात्र पाठ सोडली नाही. 1947 साली निघालेल्या 'काही कविता'वर मुंबईत अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. 1949 साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1951 साली चित्रे कुटुंब मुंबईस गेले. त्यांचा बडोद्यात जन्मलेला मुलगा दिलीप तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. पुढे तोही कवी झाला.